सांध्यांची सूज कोण आणतं, कोण थांबवतं: संधिवात झालेल्या आईच्या मुलाला सविस्तर उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात. आईचं वय ५२. सात महिन्यांपासून दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजतात, सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही. अँटी-सीसीपी तपासणी पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे संधिवात सांगितला, ‘रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली आहे’ असं समजावलं आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट सुरू केलं. मुलगा विचारतो: प्रतिकारशक्ती इतकी वाढली असेल तर आईला सर्दी-खोकला सतत का होतो? ती कमी करणारी गोळी देणं धोक्याचं नाही का? शेजारच्या काकू ‘इम्युनिटी वाढेल’ म्हणून गुळवेलीचा काढा देतात, तो चालेल का? आणि नेमक्या कोणत्या पेशी काय करतात, हे कुणी नीट का सांगत नाही?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ओपीडीत एका पेशंटला मिळतात पाच-सात मिनिटं, आणि हा विषय तेवढ्यात मावत नाही. इथे जागा आहे, म्हणून निवांत सांगतो.

प्रतिकारशक्ती ही भरायची किंवा रिकामी करायची पाण्याची टाकी नव्हे. तिच्यात डझनावारी प्रकारच्या पेशी आहेत. त्या एकमेकींशी रासायनिक निरोपांनी बोलतात, आणि प्रत्येक ‘सुरू कर’च्या निरोपाला कुठेतरी ‘आता पुरे’ असा जोडीदार निरोप असतो. तुमच्या आईच्या शरीरात काही थोड्या पेशींमधलं बोलणं, तेही मुख्यतः सांध्यांत, सुरू झालं आणि थांबेनासं झालं. सर्दीच्या विषाणूशी लढणाऱ्या पेशी आपलं काम बरं करतील किंवा वाईट, त्याचा या सुजेशी थेट संबंध नाही. उलट सक्रिय संधिवात असलेल्या माणसाला जंतुसंसर्ग इतरांपेक्षा जास्त होतात, औषध सुरू होण्याआधीसुद्धा. त्यामुळे ‘एवढी जास्त असून सर्दी का’ हा प्रश्न मुळात पडायला नको; तो पडतो, कारण आपण सगळेच ‘जास्त-कमी’च्या भाषेत बोलतो. डॉक्टरही.

आता निरोगी माणसाच्या पायात बाभळीचा काटा मोडला, असं धरा. त्वचेखाली मॅक्रोफेज नावाच्या पेशी आधीच मुक्कामाला असतात. काट्याबरोबर आत आलेले जंतू आणि फुटलेल्या पेशींचे अवशेष त्या काही मिनिटांत ओळखतात आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी निरोपाची प्रथिनं सोडतात. शेजारच्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात, पाणी बाहेर झिरपतं. जागा लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली होती. त्यामागे जिवंत पेशींची हालचाल असते, हे मात्र १८८२ मध्ये इल्या मेचनिकॉव्हने दाखवलं. इटलीत मेसिनाला त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या होत्या.

रक्तातून पहिल्यांदा धावून येतात त्या न्यूट्रोफिल. अस्थिमज्जा यांची रोज दहा हजार कोटींच्या घरात निर्मिती करते आणि त्या फार दिवस जगत नाहीत. जंतू गिळतात, विकरं (एन्झाइम) ओततात, प्रसंगी आपल्याच डीएनएचं जाळं बाहेर फेकून जंतूंना त्यात अडकवतात. जखमेतला पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिल. त्यांची हत्यारं जंतू आणि शेजारची निरोगी पेशी यांच्यात फारसा भेद करत नाहीत. म्हणून त्यांनी वेळेवर मरणं आणि त्यांची प्रेतं वेळेवर उचलली जाणं, दोन्ही फार महत्त्वाचं.

सूज आपोआप ओसरते, इंधन संपलं की विझते, असं पुष्कळ वर्षं मानलं जात होतं. मलाही वैद्यकीय शिक्षणात तसंच शिकवलं गेलं. पण ओसरणं हे वेगळं, मुद्दाम केलेलं काम आहे. मॅक्रोफेज मेलेली न्यूट्रोफिल गिळते आणि गिळल्यावर स्वतःच बदलते: टीएनएफ सोडणं कमी करते, इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा सोडायला लागते. हे निरोप शांततेचे आणि डागडुजीचे. त्याच सुमाराला स्निग्ध पदार्थांपासून बनणारे निरोपही बदलतात. सुरुवातीला न्यूट्रोफिलना बोलावणारी ल्यूकोट्राईन बनत होती, आता त्यांना यायची बंदी करणारी लायपॉक्सिन आणि रिझॉल्व्हिन बनू लागतात. हार्वर्डचे चार्ल्स सेरहान यांचं या क्षेत्रातलं काम मोठं आहे. मुद्दा असा की, काही कारणाने हा दुसरा अर्धा भाग झालाच नाही, तर काटा निघूनही सूज राहू शकते.

तुमच्या आईच्या बोटात काटा नाही. मग सुरुवात कुठून झाली?

सांध्याच्या आतून एक पातळ अस्तर असतं, सायनोव्हियम. निरोगी माणसात त्याचा सगळ्यात आतला थर एक-दोन पेशींइतकाच जाड असतो. संधिवातात तो दहा-बारा थरांपर्यंत जाडावतो, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, टी पेशी, बी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचे दोन प्रकार), मॅक्रोफेज वस्तीला येतात. तुम्ही आईच्या बोटाचा सांधा दाबून पाहिलात तर स्पंजसारखं मऊ काहीतरी लागेल, ते हेच. वयोमानाच्या गुडघेदुखीत लागतं ते बहुधा हाडासारखं टणक. या वाढलेल्या अस्तराच्या कडा कूर्चेवर आणि हाडावर चढत जातात. अस्तरातल्या फायब्रोब्लास्ट पेशी कूर्चा विरघळवणारी विकरं सोडतात. टी पेशी आणि फायब्रोब्लास्ट मिळून रँकल नावाचा निरोप पाठवतात, त्यावर हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट तयार होतात. ऑस्टिओक्लास्ट मॅक्रोफेजच्याच कुळातल्या. एक्स-रेमध्ये बोटाच्या हाडाच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखी खाच दिसते ती त्यांच्यामुळे. ही कुरतड पुष्कळ रुग्णांत पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते, आणि एकदा गेलेलं हाड सहसा परत भरून येत नाही. म्हणूनच ‘आधी सहा महिने घरगुती करून बघू’ या विचाराला मी इतका विरोध करतो.

अँटी-सीसीपीचा अर्थही इथेच सांगतो. शरीरातल्या प्रथिनांमध्ये आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. दाहाच्या, म्हणजे अशा सुजेच्या, जागी काही विकरं त्याचं रूपांतर सिट्रुलिनमध्ये करतात. बदललेलं प्रथिन काही माणसांच्या टी पेशींना परकं वाटतं, त्या बी पेशींना मदत करतात आणि बी पेशी त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवायला लागतात. अँटी-सीसीपी तपासणी तीच शोधते. हे ‘परकं वाटणं’ एचएलए-डीआर जनुकाच्या ठरावीक प्रकारांत जास्त घडतं. १९८७ मध्ये पीटर ग्रेगर्सन आणि सहकाऱ्यांनी हा समान धागा मांडला. त्यात धूम्रपानाची भर पडली की धोका कितीतरी वाढतो, कारण धुराने फुप्फुसात हेच सिट्रुलिनमध्ये होणारं रूपांतर वाढतं. हिरड्यांच्या जुनाट आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जंतू तर असं रूपांतर करणारं स्वतःचं विकरच बाळगून असतो. म्हणून मी सांध्यांच्या पेशंटला तोंड उघडायला लावतो आणि मशेरी लावता का, हेही विचारतो. पुष्कळ बायका संकोचतात. पण विचारावं लागतं.

खरी गंमत पुढे आहे. २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये रक्तदात्यांचे जुने साठवलेले नमुने तपासले गेले. पुढे ज्यांना संधिवात झाला, त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या जणांच्या रक्तात अँटी-सीसीपी किंवा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (संधिवातात सापडणारं आणखी एक प्रतिपिंड) आधीपासूनच होता, साधारण चार-साडेचार वर्षं आधी, काहींत दहा वर्षांहूनही आधी. तेव्हा त्यांचे सांधे ठणठणीत होते. म्हणजे प्रतिपिंडं असणं आणि आजार असणं यांत अंतर आहे. स्वतःच्या प्रथिनांवर डोळा ठेवणाऱ्या पेशी शरीरात वर्षानुवर्षं फिरत राहतात आणि काहीही घडत नाही, कारण कुणीतरी त्यांना आवरत असतं.

आवरणाऱ्यांपैकी एक सांध्यातच बसलेली असते. २०१९ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी दाखवलं की अस्तराच्या आतल्या बाजूला मॅक्रोफेजचा एक थर एकमेकींना घट्ट चिकटून भिंत करतो आणि सांध्याच्या पोकळीला दाहापासून अलग ठेवतो. संधिवातात ही भिंत फुटते. पुढच्या वर्षी ग्लासगो आणि रोमच्या गटांनी रुग्णांच्या अस्तराचे तुकडे तपासले. औषधांनी ज्यांचा आजार शमला होता, त्यांच्या सांध्यांत एका खास जातीच्या मॅक्रोफेज भरपूर होत्या. त्या रिझॉल्व्हिन बनवत आणि फायब्रोब्लास्टना डागडुजीकडे वळवत. शमलेल्या रुग्णांपैकी ज्यांच्यात या पेशी कमी होत्या, त्यांचा आजार औषध बंद केल्यावर परत उसळण्याची शक्यता जास्त होती. तेव्हा ‘मॅक्रोफेज सूज आणते’ हे जितकं खरं, तितकंच ‘मॅक्रोफेज सूज थांबवते’ हेही. नाव एक, कामं दोन.

आवरणाऱ्यांची दुसरी फळी टी पेशींची. टी पेशी थायमस ग्रंथीत तयार होतात. तिथे स्वतःच्या शरीरावर तुटून पडणाऱ्या बहुतेक पेशी मारून टाकल्या जातात, पण चाळणीतून काही निसटतात. त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात, हे जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये ठामपणे दाखवलं. त्या काळी ‘दमन करणाऱ्या टी पेशी’ ही कल्पना इतकी बदनाम झाली होती की तिच्यावर काम करणं म्हणजे करिअरशी जुगार होता. २००१ मध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ‘स्कर्फी’ नावाच्या जन्मजात आजारी उंदरांतला दोष शोधला: फॉक्सपी-३ हे जनुक. हेच जनुक बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, आतड्याचा दाह आणि इसब असं सगळं एकदम होतं. पुढे स्पष्ट झालं की साकागुचींच्या पेशी फॉक्सपी-३ वरच चालतात. या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. नजर ठेवणाऱ्या या पेशींना आपण टी-रेग म्हणू.

आता तुम्हाला वाटेल, संधिवातात टी-रेग कमी पडत असणार. मोजल्या तर सुजलेल्या सांध्याच्या पाण्यात त्या भरपूर सापडतात! पण टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ च्या गराड्यात त्यांचा वचक चालत नाही, आणि समोरच्या टी पेशीही त्यांना जुमानत नाहीत. टीएनएफ अडवणारं औषध दिल्यावर या पेशींची आवरण्याची ताकद बऱ्याच अंशी परत येते, हे २००४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं आहे. तुमच्या मूळ शंकेचं उत्तर यात आहे. नीट निवडलेलं औषध नुसतं दाबत नाही; शरीराचं स्वतःचं आवरणं त्याने पुन्हा चालू होऊ शकतं.

टीएनएफची गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. ऐंशीच्या दशकात लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी बशीत वाढवल्या. त्या पेशी एकाच वेळी कितीतरी निरोप सोडत होत्या. इतक्या गलक्यात एकच निरोप अडवून काय होणार, असं बहुतेकांना वाटायचं. त्यांनी टीएनएफ तेवढा अडवला, तर इंटरल्यूकिन-१ सुद्धा खाली आलं. म्हणजे निरोपांना उतरंड होती. १९९२ मध्ये पहिल्या रुग्णांना टीएनएफ अडवणारं प्रतिपिंड दिलं गेलं आणि ज्यांना जिना चढता येत नव्हता ते चढू लागले. त्यातून आजची इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, इटानरसेप्ट ही इंजेक्शनं आली. २०१४ पासून अडालिमुमॅबचं बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतीजुळती आवृत्ती) भारतातच बनतं, त्यामुळे किंमत उतरली, तरी मध्यमवर्गीय घराला ती अजून जडच आहे.

पण एकदा टीएनएफ सापडला म्हणून तो सगळीकडे खलनायक ठरत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदूच्या आजारात टीएनएफ अडवून पाहिला, तर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजाराचे झटके वाढले. इंटरल्यूकिन-१७ चंही तसंच. सोरायसिसच्या त्वचेवर ते अडवलं की चट्टे झपाट्याने जातात. आतड्याच्या क्रोन्स आजारात अडवलं, तर २०१२ च्या चाचणीत रुग्ण अधिक बिघडले, कारण आतड्याच्या अस्तराची राखण त्याच निरोपावर चालते. ‘अँटी-इन्फ्लमेटरी’ असा शिक्का असलेलं काहीही सगळ्या दाहांवर चालेल, असं कुणी सांगितलं, मग ते औषध असो की आहार, तर मी कान टवकारतो.

आणि क्षयरोग. आपल्याकडे हा विषय टाळून पुढे जाताच येत नाही. क्षयाचा जंतू मॅक्रोफेजच्या पोटात जिवंत राहतो. त्याला मारता येत नाही तेव्हा शरीर त्याला कोंडतं: मॅक्रोफेज, त्यांच्याभोवती टी पेशी, अशी एक गाठ तयार होते, ग्रॅन्युलोमा. टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडून मॅक्रोफेजना जागं ठेवतात, आणि गाठीची वीण टिकवायला टीएनएफ लागतो. भारतात कितीतरी धडधाकट माणसं असा कोंडलेला जंतू घेऊन आयुष्य काढतात. त्यांचा टीएनएफ अडवला की? २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. बहुतेकांना पहिल्या तीन डोसांच्या आतच आजार झाला होता आणि निम्म्याहून अधिकांत तो फुप्फुसाबाहेर होता. म्हणून आपल्याकडे अशा इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षय शोधणारी मान्टू किंवा इग्रा तपासणी झालीच पाहिजे. सुप्त क्षय आढळला तर आधी त्याची औषधं सुरू करतात आणि सहसा निदान महिनाभर गेल्यावर इंजेक्शन. तपासणी निर्मळ आली तरी पुढे ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम यांकडे लक्ष ठेवायचं. आईला हे इंजेक्शन सध्या नाही, लागेलच असंही नाही; पण उद्या कुणी सुचवलं तर तुम्ही स्वतःहून हा प्रश्न विचारा.

क्षयाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर चित्र अर्धवट राहील. क्षयाच्या मेंदूज्वरात माणूस मरतो तो जंतूमुळे जेवढा, तेवढाच त्याच्याभोवती उसळलेल्या दाहामुळे. व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत क्षयाच्या औषधांसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं, तेव्हा मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आलं. २००४ मधलं हे काम. जंतू शरीरात असताना दाह दाबायचा, हे ऐकायला उलटं वाटतं. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी तेच पाहिलं: ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले, पण ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना काही फायदा झाला नाही. घरी बसलेल्यांनी सुद्धा ते गिळलं, मधुमेह्यांची साखर भडकली, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे वॉर्ड पाहिले.

आता आईच्या गोळीकडे. मेथोट्रेक्सेट मुळात कर्करोगाचं औषध, तेही मोठ्या डोसात. ते ज्या संशोधनातून आलं त्यात आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता. संधिवातात डोस आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. एवढ्या डोसात ते पेशी मारण्यापेक्षा त्यांच्याभोवती अॅडेनोसिन वाढवतं, आणि अॅडेनोसिन हा शांततेच्या निरोपांपैकी एक आहे. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. दोन आठवड्यांत ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करू नका. आणि कृपा करून हे फ्रिजवर लिहून लावा: आठवड्यातून एकदाच, ठरलेला एकच वार. रोज घेतल्याने तोंड सोलवटून, पांढऱ्या पेशी पार उतरून माणसं दगावली आहेत. सोबत फॉलिक अॅसिड, दारू वर्ज्य, ठरलेल्या अंतराने रक्तपेशी आणि लिव्हरच्या तपासण्या.

वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन हे दुखणं वाढवणारे निरोप कमी करतात, म्हणून दुखणं आणि ताठरपणा कमी होतो. टी पेशी आणि मॅक्रोफेज यांचं बोलणं मात्र चालूच राहतं, हाडही कुरतडलं जात राहतं. बरं वाटतंय याचा अर्थ आजार आवरला असा नाही. स्टेरॉइडची गोष्ट निराळी. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. दोन वर्षांत नोबेल मिळालं, आणि तोवर दुष्परिणामांची यादीही तयार झाली होती. मेथोट्रेक्सेट लागू पडेपर्यंत थोड्या दिवसांपुरतं, कमी डोसात दिलेलं स्टेरॉइड मला मान्य आहे. वर्षानुवर्षं चालणारं नाही.

बी पेशींबद्दल दोन शब्द. रिटुक्सिमॅब हे औषध त्यांना संपवतं आणि अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह रुग्णांत ते चांगलं चालतं, म्हणजे या पेशी नुसत्या प्रेक्षक नाहीत. टी पेशीला पूर्ण जागं व्हायला दुसरा इशारा लागतो, आणि तो परतवणारा सीटीएलए-४ नावाचा रेणू तिच्यावर असतो. त्याची नक्कल करून बनवलेलं अबाटासेप्ट संधिवात शमवतं. तोच रेणू अडवणारं इपिलिमुमॅब कर्करोगात वापरतात, आणि त्या रुग्णांपैकी काहींचे सांधे सुजतात, आतडी भडकतात. एकच खटका दोन्ही दिशांना फिरवून पाहिल्यासारखं आहे हे.

रिपोर्टमधल्या सीआरपीचं काय? इंटरल्यूकिन-६ लिव्हरला पोचलं की लिव्हर सीआरपी हे प्रथिन बनवतं. म्हणजे तो आकडा दाहाचा निरोप किती जोरात आहे ते सांगतो, कशामुळे ते सांगत नाही. इंटरल्यूकिन-६ अडवणारं टोसिलिझुमॅब घेणाऱ्या माणसात गंभीर संसर्ग असूनही सीआरपी वाढेलच असं नाही. हे कुटुंबाला माहीत असावं, कारण रात्री अपरात्री इमर्जन्सीतल्या डॉक्टरला ते सांगायची वेळ तुमच्यावरच येते. अजून एक: हा दाह सांध्यापुरता राहत नाही, हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही लागतो. आईचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल पाहून घ्या.

निदानाबद्दल मला शंका घ्यायला फारशी जागा दिसत नाही, तरी एक विचारतो: सुरुवात तापाने झाली होती का? २००६ च्या साथीपासून महाराष्ट्रात चिकनगुनियानंतरचे सुजलेले सांधे आम्ही सतत पाहतो. काहींत ते महिनोनमहिने टिकतात, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरसुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटी-सीसीपी ठळक पॉझिटिव्ह असेल तर पारडं संधिवाताकडेच झुकतं. हा आजार काही दुर्मिळही नाही. पुण्याचे डॉ. अरविंद चोपडा यांनी १९९६ मध्ये भिगवणला घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली, तेव्हा संधिवाताचं प्रमाण अर्धा टक्का निघालं. म्हणजे दोनशे प्रौढांमागे एक.

आता काढा. काकूंचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखवू नका, पण काढा बंद करा. ज्या आजारात पेशींना ‘पुरे’ म्हणणाऱ्यांचंच चालेनासं झालंय, त्यात ‘वाढवा’ म्हणणारं काही देण्यात तर्क नाही, हे एक. दुसरं जास्त ठोस आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या लिव्हरमधलं चित्र स्वतःच्याच पेशींनी केलेल्या हल्ल्यासारखं होतं. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही आणि वनस्पतीची नीट ओळख पटवली नसल्याचा आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवला तरी मेथोट्रेक्सेट चालू असताना आपण लिव्हरवर डोळा ठेवून असतो; तिथे काही बिघडलं तर दोष गोळीचा की काढ्याचा, हे ठरवणं मला अशक्य होईल. वाताच्या बिननावाच्या पुड्यांबद्दल मात्र मी वाद घालत नाही, सरळ मनाई करतो. दोन दिवसांत जादू झाल्यासारखं दुखणं गेलं आणि महिन्याभरात चेहरा गोल झाला, तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. हळदीचं दूध खुशाल द्या. दही, टोमॅटो, आंबट बंद करण्याची गरज नाही.

औषध आयुष्यभर का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या भेटीत विचारालच. आजार सहा महिने ते वर्षभर पूर्ण शमलेला राहिला तर डोस हळूहळू उतरवून पाहता येतो. एकदम बंद केल्यावर पुष्कळांचा आजार परत येतो, आणि अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असेल तर अधिकच. तोवर फ्लू आणि न्यूमोकॉकसची (न्यूमोनियाच्या जंतूची) लस डॉक्टरांना विचारून घ्या. नागिणीच्या लशीत जिवंत विषाणू नसलेला प्रकार मिळतो, तोच मागा. ताप १०१ च्या वर गेला किंवा अँटिबायोटिक सुरू करावं लागलं, तर त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेट घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. अँटिबायोटिकमध्ये कोट्रायमॉक्सॅझोल लिहून दिलं असेल तर तेही सांगा, ते या गोळीबरोबर चालत नाही.